मोडीचा वर्ग नको, मोडीचा गट हवा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली: चालू असलेल्या संघात किंवा क्लबात नवा गट कसा काढायचा. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण ते पत्र मला मनापासून आवडलं. बाकीच्या दोघींनी रागावू नये.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी महसूल खात्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालो. वय ७१, राहणार वाई. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे १८० सभासद आहेत. महिन्यातून दोन सभा होतात. वाढदिवस, एखादं व्याख्यान, रक्तदाब-साखरेची तपासणी आणि वर्षातून एक सहल, एवढंच चालतं. मला मोडी वाचता येते. वडिलांकडे कुलकर्णीपण होतं, त्यांच्याकडून शिकलो आणि नोकरीत जुनी दप्तरं हाताळताना ती पक्की झाली. संघात मोडी वाचनाचा गट काढावा असं फार वाटतं. अध्यक्षांशी बोललो तर म्हणाले, "या वयात अक्षरं गिरवायला कोण येणार? त्यापेक्षा कराओकेचा गट काढा, हॉल भरेल." कार्यवाह म्हणतात, घटनेत गटांची तरतूदच नाही, त्यासाठी सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करावी लागेल. शिवाय मी आजवर कोणाला काही शिकवलेलं नाही. काय करावं?
— एक निवृत्त तलाठी, वाई

उत्तर : भाऊसाहेब (गावाने तुम्हाला हीच हाक मारली असणार, मीही तीच मारते), आधी कार्यवाहांचा मुद्दा निकालात काढू, कारण तो दिसतो तेवढा अवघड नाही.

तुमचा संघ इतर बहुतेक संघांसारखा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल. घटनेची प्रत मागून घ्या आणि 'उद्देश' हे कलम वाचा. सभासदांसाठी सांस्कृतिक, शैक्षणिक उपक्रम, विरंगुळा, असं एखादं वाक्य तिथे बहुधा सापडेलच. तसं असेल तर तुमचा गट त्या वाक्याच्या पोटातच बसतो. उद्देश किंवा नियम बदलायचे असतील तर दुरुस्ती. दर गुरुवारी सहा माणसं टेबलाभोवती बसून जुने कागद वाचणार, यानं घटनेचा कानामात्राही बदलत नाही. कार्यकारिणीचा एक ठराव पुरतो. तो मीच लिहून देते, म्हणजे कार्यवाहांना मसुदा करायचा त्रास नको:

"संघाच्या उद्देशांस अनुसरून सभासदांसाठी मोडी वाचन गट सुरू करण्यास मान्यता देण्यात येत आहे. गटाचे निमंत्रक म्हणून श्री. ——— व श्रीमती ——— यांची एक वर्षासाठी नेमणूक करण्यात येत आहे. गट कार्यकारिणीच्या देखरेखीखाली चालेल. गटाचे स्वतंत्र बँक खाते असणार नाही. सर्व जमाखर्च संघाच्या पावतीवर व संघाच्या खात्यातून होईल."

खाली सूचक, अनुमोदक, आणि इतिवृत्तात नोंद. सूचक म्हणून तुम्ही स्वतः उभे राहू नका. कार्यकारिणीत तुमचं ऐकणारा एक तरी माणूस असेलच, त्याला पुढे करा.

यात बँक खात्याचं वाक्य का घातलं ते सांगते. संघांमध्ये गटांवरून भांडणं होतात ती मोडी, गाणी किंवा सहलीवरून होत नाहीत. ती झेरॉक्सचे साठ रुपये कोणाच्या खिशात गेले यावरून होतात. गटानं स्वतःची वर्गणी स्वतःच्या डबीत ठेवली की ३१ मार्चला हिशेब तपासणीसासमोर खजिनदार अडचणीत येतो आणि मग त्याला तुमचा गट डोळ्यांसमोर नको होतो. दहा रुपये घ्या, पण संघाची पावती फाडून घ्या. आणि शब्द 'निमंत्रक' ठेवा, 'गटप्रमुख' नको. प्रमुख झालेला माणूस दुसऱ्या वर्षी खुर्ची सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता अध्यक्ष. "कोण येणार?" हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण त्याला हॉल भरवून उत्तर द्यायला जाऊ नका. कराओकेला हॉल भरतो हे खरं. ऐकायला साठ माणसं बसली तरी चालतं. मोडीच्या एका कागदावर आठ डोकी वाकली की नवव्याला कागद दिसत नाही. सहा जण ही तुमच्या गटाची भरलेली सभा आहे, हे अध्यक्षांना आत्ताच सांगून टाका. म्हणजे पहिल्या गुरुवारी सहा आले की ते अपयश ठरणार नाही.

उद्घाटन करू नका. दीपप्रज्वलन नको, प्रमुख पाहुणे नकोत, फलक तर नकोच. आमच्या नाशकात एका संघानं इतिहास मंडळ काढलं. उद्घाटनाला पुण्याहून वक्ते आणले, दोन तास भाषण झालं, सगळे धन्य झाले आणि दुसऱ्या बैठकीला कोणी फिरकलं नाही. त्याच संघातला एक निवृत्त अभियंता मात्र न सांगता-सवरता महिन्यातून एकदा दोन-तीन मित्रांना घेऊन गोदाकाठचं एकेक देऊळ बघायला जायचा. नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटा, सुंदरनारायणाच्या कमानी. काय बघितलं ते पुढच्या सभेत पाच मिनिटं सांगायचा. आता त्याच्याबरोबर जायला नाव नोंदवावं लागतं.

तर तुम्हीही पुढच्या सभेत अध्यक्षांकडे पाच मिनिटं मागा. वाढदिवसांच्या नंतर आणि चहाच्या आधी; चहानंतर कोणी बसत नाही. घरातल्या एखाद्या जुन्या खताचा फोनवर फोटो काढा, हॉलमध्ये टीव्ही असेल तर त्याला जोडून मोठा दाखवा आणि एक ओळ वाचून दाखवा. एकच. "कारणे खरेदीखत लिहून दिले ऐसे जे" इथपर्यंत आलात की थांबा आणि विचारा, "कोणाच्या घरी असले कागद आहेत, ज्यांच्यात काय लिहिलंय ते माहीत नाही?"

वाईत हा प्रश्न विचारल्यावर किती हात वर होतील याची मला जवळजवळ खात्रीच आहे. जुने वाडे, घाटांवरची देवस्थानं, आसपासच्या वतनदारांची घरं. माळ्यावर, देवघराच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कागदांच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात. लोक टाकत नाहीत, कारण त्यात जमिनीचं काही असेल अशी भीती असते. उघडत नाहीत, कारण वाचता येत नाही. तुमच्या गटाचं भांडवल हे आहे. लिपी शिकायला फार थोडे येतील, पण आजोबांनी कोणाकडून किती रुपये उसने घेतले हे कळायला माणूस पायऱ्या चढून येतो. लिपी त्याला येता येता येते.

संघात पंच्याऐंशीच्या पुढचे जे सभासद आहेत, त्यांना आवर्जून बोलवा. १९५० च्या आसपासपर्यंत आपल्याकडे प्राथमिक शाळांत मोडी शिकवली जात असे. त्यातल्या काहींच्या हातात अजून ती असते. बोलता येत नाही नीट, ऐकू कमी येतं, पण बोरू दिला तर आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं लटकवतात, तशीच जशी मास्तरांनी शिकवली. अशा एखाद्या आजोबांना किंवा आजींना टेबलाच्या टोकाला बसवा.

"मी कधी शिकवलेलं नाही" हे तुम्ही उणं म्हणून लिहिलंय. मला ते अधिक वाटतं. निवृत्त शिक्षकानं गट काढला की तो वर्ग होतो. हजेरी, गृहपाठ, "मागच्या वेळी सांगितलं होतं ना?" सत्तरीच्या माणसाला कोणासमोर चुकायचं नसतं, तो दुसऱ्या आठवड्यापासून गुडघे दुखतात म्हणून सांगतो. युरोपात हा प्रश्न फार आधी आला. फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९७३ साली वयस्करांसाठी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं. ते खरोखरच्या विद्यापीठात, प्राध्यापकांच्या हाताखाली चाललं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट वगैरे मंडळींनी ही कल्पना उचलली, पण प्राध्यापक वगळले. ज्याला जे येतं ते त्यानं सांगायचं आणि दुसऱ्याच्या गटात जाऊन आपण शिकायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. लॅटिनपासून पत्त्यांपर्यंत सगळ्याचे गट, पुष्कळसे कोणाच्या तरी दिवाणखान्यात भरणारे. तिकडे हे आजही जोरात चालू आहे. मला विचाराल तर आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांना फ्रेंच पद्धतीचा फार सोस आहे. बाहेरचा वक्ता आणायचा, आपण टाळ्या वाजवायच्या. १८० सभासदांत एकाला मोडी, एकीला भरतकाम, एकाला घड्याळं दुरुस्त करता येतात, आणि सगळे मिळून मधुमेहावरचं तेच व्याख्यान पुन्हा ऐकतात.

तेव्हा तुम्ही शिकवू नका, वाचा. मी स्वतः इथल्या एका मोडी गटात बसते आणि अजून अडखळते, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे मुळाक्षरांच्या तक्त्यात महिनाभर अडकवू नका. तक्ता प्रत्येकाच्या हातात द्या (२०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे नातवंडांकडून मोठ्या टायपात छापून मिळेल) आणि पहिल्याच दिवशी खरा कागद समोर ठेवा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. अक्षर ओळखता आलं तरी शब्द कुठे संपला ते कळत नाही, आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. त्याला अक्षरांपेक्षा आधी मजकुराचा साचा माहीत हवा. 'राजमान्य राजश्री' कुठे येणार, 'ऐसे जे' नंतर मुद्दा सुरू होणार, साक्षीदारांची नावं शेवटी येणार. साचा कानात बसला की डोळा शब्द आपोआप तोडतो. यासाठी जुनी पत्रं देवनागरीत छापलेली मिळतात ती मोठ्यानं वाचा. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. सगळे नकोत, एखादा खंड ग्रंथालयातून आणलात तरी पुरे. दर बैठकीत पहिली दहा मिनिटं त्यातलं एक पत्र.

दुसरं, सुरुवात स्टॅम्पपेपरवरच्या खतांनी करा. इंग्रजी अमदानीतल्या कागदांचं अक्षर अनेकदा घाईचं असतं, टाकानं लिहिलेलं, पेशवाईतल्या बोरूच्या अक्षराइतकं देखणं नाही. पण त्यात साल इसवी सनात असतं आणि मजकूर ठरावीक असतो. पेशवाईतलं सुंदर पत्र काढाल, तर तारखेपाशीच 'छ' (चांद्र तारखेची खूण) आणि रबिलावल निघेल, आणि अर्धा तास मुसलमानी महिन्यांवर जाईल. तो अर्धा तास मजेचा आहे, पण पुढच्या पावसाळ्यात.

आता ज्याची मला काळजी वाटते ते. २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठा आरक्षणाच्या दाखल्यांसाठी जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. तुम्ही महसुलातले, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गटाची बातमी बाहेर गेली की कोणीतरी गुंडाळी घेऊन दारात येईल: "एवढी नोंद वाचून संघाच्या लेटरहेडवर लिहून द्या." द्यायचं नाही. तोंडी वाचून दाखवा हवं तर, पण सही-शिक्क्याचं लिप्यंतर हे अधिकृत मोडी वाचकाचं काम आहे, संघाचं नव्हे. हा नियम ठरावात नको, पण पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलून ठेवा. नाहीतर तुमच्या भिडस्तपणाचा फायदा कोण घेईल सांगता येत नाही.

तसंच घरगुती कागदांचं. वाटणीपत्र वाचायला काढाल आणि टेबलाभोवती त्याच घराण्याचे दोन चुलत भाऊ बसलेले असतील. शंभर वर्षांपूर्वी विहिरीचा अर्धा हिस्सा कोणाला दिला हे मोठ्यानं वाचल्यावर चहा कोणाला गोड लागत नाही. म्हणून कागद आणणाऱ्यानं आधी तुम्हाला एकट्याला दाखवायचा, मग गटात काढायचा की नाही ते दोघांनी ठरवायचं. मूळ कागद टेबलावर फिरवू नका. त्याच्या घड्या फाटतात, त्यावर चहा सांडतो. झेरॉक्स काढा, ए-थ्री आकारात मोठी करून. लॅमिनेशन कोणी सुचवलं तर त्याला बाहेर काढा; जुना कागद लॅमिनेट केला की कायमचा मेला.

बाकी व्यवस्था थोडक्यात. जमिनीवर बसायचं नाही, टेबल हवं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, न झालेले, सगळेच असणार, म्हणून खिडकीजवळची जागा आणि दोन-तीन भिंगं. वेळ साडेचार ते सहा. त्याआधी लोक झोपलेले असतात, नंतर फिरायला जातात. वार कराओकेवाल्यांचा सोडून (अध्यक्ष तो गट काढणारच आहेत, तुम्ही त्यांना शुभेच्छा द्या आणि पहिल्या दिवशी जाऊन एक गाणं म्हणा). व्हॉट्सॲपवर गटाचा ग्रुप कराल तर त्यात फक्त कागदांचे फोटो. पहिला गुलाबाचा सुप्रभात आला की त्याच दिवशी निमंत्रकानं बोलायचं, उशीर केला तर फार उशीर होतो. दर महिन्याच्या सभेत गटातल्या एकानं, तुम्ही सोडून दुसऱ्या कोणीतरी, महिन्याभरात वाचलेल्या कागदातली एक गंमत सांगायची. नवे सभासद त्या पाच मिनिटांतून येतात.

खर्च जवळजवळ नाही. सहलीचा मोह झाला तर लांब जाऊ नका. मेणवली तुमच्या उशाला आहे. नाना फडणिसांच्या वाड्यात उभं राहून, ज्या माणसाच्या कारभाराचं दप्तर इथे होतं त्याच्या काळचं एखादं पत्र वाचणं, याला बस ठरवावी लागत नाही. पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ पुढच्या वर्षी, गट टिकला तर.

शेवटचं. तुमच्या पूर्ण पत्रात एकाही बाईचा उल्लेख नाही. १८० मध्ये निम्म्या तरी असतील. मी ठरावात 'श्रीमती' लिहिलंय ते शोभेसाठी नाही. घरातले ते पत्र्याचे डबे कुठे आहेत हे पुरुषांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं. सासूनं "हे टाकू नको" म्हणून सांगितलेलं सुनेलाच आठवतं. दुसरी निमंत्रक अशा एखाद्या बाईला करा. तिला मोडीचं एक अक्षर येत नसलं तरी चालेल.

प्रश्न : ताई, आमच्या क्लबात वरच्या मजल्यावर पुरुषांची कार्ड रूम आहे. वर्षानुवर्षं तिथे रमी चालते, पॉइंटला पैसे लावूनच. आम्ही काही जणींनी दुपारी दोन ते चार बायकांचा रमी गट काढायची परवानगी मागितली, पॉइंटला दहा पैसे. व्यवस्थापन समितीनं उत्तर दिलं की क्लबात जुगाराला परवानगी देता येणार नाही. आम्ही काय करायचं?
— एक सभासद, ठाणे

उत्तर : हसून घेतलं आधी. आता गंभीरपणे.

रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल सगळे सांगतात, तो एका क्लबाचाच आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या सचिवावर खटला झाला होता. १९६७ साली न्यायालयानं म्हटलं की रमीत कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं याला कौशल्य लागतं, म्हणून हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे. तीन पत्ती त्यात बसत नाही. पण त्याच निकालात एक पाचर आहे. क्लब खेळाच्या पैशांतून स्वतः नफा काढत असेल, तर गोष्ट वेगळी. जागेचं, पत्त्यांचं वाजवी शुल्क घेणं म्हणजे नफा नव्हे. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, आणि त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. तरी पैसे लावून खेळायचं असेल तर क्लबच्या वकिलाचा लेखी सल्ला समितीनं घ्यावा, माझ्या सदरावर विसंबू नये.

तुमचा प्रश्न मात्र कायद्याचा नाहीच. समितीला एका ओळीचं पत्र द्या: "वरच्या मजल्यावरील कार्ड रूमला लागू असलेले नियम आम्हालाही लागू करावेत व त्यांची प्रत द्यावी." जुगार म्हणायचा तर दोन्हीकडे म्हणावा लागेल. प्रत आली तर तुमचं काम झालं, आणि नाही आली तर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर मुद्दा आला. पत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, एकटीची नको.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दहा पैसे सोडा. गटाला पहिल्या महिन्यात हिशेबाची वही लागली की खेळापेक्षा वहीच मोठी होते. आणि रमी येतेच आहे तर ब्रिज शिकून बघा. अडचण एकच, चौघी लागतात, नेमक्या चौघी. सात आल्या तर तिघी बसून राहतात. त्यामुळे ब्रिजचा गट काढताना "नक्की येणार" आणि "कोणी नाही आलं तर येणार" अशा दोन याद्या ठेवतात. दुसऱ्या यादीतल्या बाईला फोन गेला की तिनं पंधरा मिनिटांत पोचायचं, म्हणून ती जवळच राहणारी हवी. रमीला हे बंधन नाही, हे मान्य.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात दिवाळीनंतर वाचन गट सुरू केला. पहिल्या बैठकीला पंचवीस जणी होत्या. आता पाच येतो. मंडळाच्या अध्यक्षा म्हणतात, हॉल अडवून ठेवण्यापेक्षा बंद करा. बंद करू का?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या दिवशीच्या पंचवीस जणी बघायला आल्या होत्या. त्या धरूच नका. पाच जणी दर वेळी येत असतील तर गट चालू आहे.

हॉल मात्र सोडा, अध्यक्षा तेवढ्यापुरत्या बरोबर आहेत. पंचवीस खुर्च्यांत पाच जणी बसल्या की वीस रिकाम्या खुर्च्याच दिसत राहतात. मंडळाच्या वहीत गट म्हणून नोंद राहू द्या, आणि आळीपाळीनं घरी बसा. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचून यायचं असा नियम असेल तर तो काढून टाका. वाचून झालं नाही म्हणून लाजेनं न येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याऐवजी तिथेच एक कथा मोठ्यानं वाचा, अर्ध्या तासाची.

घरी बसायचं तर एक नियम पहिल्याच दिवशी करा: चहा आणि एक कोरडा पदार्थ, विकतचा. नाहीतर पहिली यजमानीण चिवडा देईल, दुसरी बटाटेवडे तळेल, तिसरीला पावभाजी केल्याशिवाय गत्यंतर उरणार नाही, आणि चौथी "या महिन्यात पाहुणे आहेत" म्हणून पाळी टाळेल.